पगार सुरू झाला की अनुदानाचे काय?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. अपंगत्वामुळे दरमहा काही रक्कम मिळते आहे, आता पहिली नोकरी दारात आली आहे, आणि घरात दोन तट पडले आहेत. त्यातली पाच पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझा उजवा पाय अधू आहे, ५५ टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत ११,००० रुपये पगाराची नोकरी देऊ करताहेत. आई म्हणते, सहा महिन्यांत काढून टाकले तर नोकरीही नाही आणि अनुदानही नाही. कोणाला न सांगता दोन्ही चालू ठेवता येईल का? (वाचक, सातारा जिल्हा)

दोन्ही चालू ठेवता येणार नाही. दिव्यांग लाभार्थ्यासाठी या योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६. तुमचा पगारच वर्षाला १,३२,००० होतो. पगार थोडा असेल तर अनुदान थोडे कमी करायचे, अशी पायरी या योजनेत नाही. मर्यादा ओलांडली की सगळी रक्कम थांबते. म्हणून कोणत्याही खऱ्याखुऱ्या नोकरीबरोबर अनुदान जाणार, असे धरूनच हिशोब मांडा.

तो हिशोब असा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना १,५०० वरून २,५०० करायचा निर्णय घेतला. तेव्हा जाणार आहेत २,५००. येणाऱ्या ११,००० मधून भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर १२ टक्क्यांनी १,३२० जातील. ते तुमच्याच नावावर साठतात, पण हातात येत नाहीत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर पाऊण टक्का, म्हणजे ८३ रुपये. हातात राहिले ९,५९७. आता प्रवास. एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण स्टँडपासून पतसंस्थेपर्यंत तुम्हाला चालवणार नसेल तर रिक्षा आली. जाऊन-येऊन दिवसाला ८० रुपये धरले तर २६ दिवसांचे २,०८०. उरले ७,५१७. त्यातून बुडालेले २,५०० वजा केले की नोकरीने तुमच्या घरात पडणारी खरी भर ५,०१७ रुपये. जाहिरातीतल्या ११,००० कडे बघून निर्णय घेऊ नका, या शेवटच्या आकड्याकडे बघा. रिक्षाचे भाडे दीडशे असेल तर हाच आकडा ३,१९७ वर येतो. मग पतसंस्थेच्या जवळ खोली घेणे, किंवा तीनचाकी स्कूटरसाठी अर्ज करणे, याचा विचार आधी करायला हवा.

आमच्या मते पाच हजारांची भर आणि हाताशी येणारा अनुभव पाहता नोकरी घ्यावी. पण आईची भीती खोटी नाही. ती नेमकी कुठे खरी आहे ते समजून घ्या.

नोकरी सुटली तर पुन्हा अर्ज करता येतो. अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची येते. तो सरलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो. समजा तुम्ही एप्रिलपासून जानेवारीपर्यंत काम केले आणि फेब्रुवारीत घरी बसलात. एप्रिलनंतर दाखला काढायला गेलात तर त्यावर १,१०,००० येणार, आणि खिशात दमडी नसतानाही तुम्ही कागदावर अपात्र ठरणार. त्यानंतर अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जायचा, मंजूर व्हायचा, मग पैसे यायचे. हा काळ मोठा असतो. म्हणून पहिल्या पगारापासून दरमहा किमान हजार-दीड हजार वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. नोकरी सोडताना कार्यमुक्तीचे पत्र तारखेसह मागून घ्या. तोंडी 'उद्यापासून येऊ नका' म्हटल्यावर तसेच घरी आलेल्यांना नंतर, उत्पन्न थांबले हे कशाने दाखवायचे, हाच प्रश्न पडतो.

न सांगता दोन्ही घेण्याचा विचार मात्र मनातून काढा. अनुदान आधार जोडलेल्या खात्यात येते, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांकही आधारशी जोडलेला असतो, पगार बँकेतून होतो. पडताळणीत हे उघड झाले की मधल्या काळातली रक्कम परत भरायची पाळी येते, तीही एकदम. आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा तुमच्या नावावर शेरा असेल.

कळवायचे कसे? तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या. अमुक तारखेपासून नोकरीला लागलो आहे, मासिक वेतन इतके, त्यामुळे लाभ थांबवावा, एवढेच लिहा. सोबत नियुक्तिपत्राची आणि पहिल्या पगारपावतीची प्रत जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्यानंतरही एखाद-दोन महिने पैसे जमा होत राहिले तर ते खर्च करू नका, खात्यातच राहू द्या. परत मागितले की पोच दाखवून तेवढेच भरता येतील.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: रेशनकार्ड. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० आहे. तुमचा पगार धरल्यावर घरातल्या सगळ्यांचेच धान्य बंद होऊ शकते. पाच माणसांचे दरमहा २५ किलो धान्य बाजारातून घ्यायचे झाले तर किती पडेल, तेही वरच्या हिशोबात घाला.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते आणि आई दोघेही गेल्यानंतर मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. एका कॉल सेंटरमध्ये माझी निवड झाली आहे. पेन्शन बंद होईल म्हणून नातेवाईक जाऊ नको म्हणतात. (वाचक, पुणे)

नातेवाइकांनी ऐकलेला नियम जुना असावा. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो बदलला. दिव्यांग मुलाचे किंवा मुलीचे इतर उत्पन्न हे सर्वसाधारण दराने मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असेल तर पेन्शन चालू राहते. सर्वसाधारण दर म्हणजे वडिलांच्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्यावरची महागाई वाढ.

उदाहरणार्थ शेवटचे मूळ वेतन ६०,००० असेल तर ३० टक्के म्हणजे १८,०००, अधिक त्या वेळची महागाई वाढ. तुमचा पगार आणि बँकेच्या व्याजासारखे इतर उत्पन्न मिळून या रकमेच्या आत असेल तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही राहतील. म्हणून आधी पेन्शनचा मंजुरी आदेश काढा, त्यावर शेवटचे वेतन आणि सर्वसाधारण दर दोन्ही छापलेले असतात. मग कंपनीकडून वार्षिक पॅकेजचा आकडा न घेता महिन्याचा फोड केलेला तक्ता मागा. हे आकडे जोडून पेन्शन देणाऱ्या बँकेला लेखी कळवा. उत्पन्नाच्या घोषणापत्रात नोकरीचा उल्लेख राहून गेला तर नंतरची वसुली मोठी असते.

वडील राज्य सरकारच्या सेवेत असते तर हे उत्तर लागू पडले नसते. राज्याचे निवृत्तिवेतन नियम वेगळे आहेत, तिथे कोषागारातच विचारावे.

प्रश्न : नोकरी करू लागलो तर 'हा काम करू शकतो' म्हणून माझे अपंगत्वाचे प्रमाणपत्रच रद्द करतील का? (वाचक, नांदेड)

नाही. टक्केवारी शरीराच्या किंवा मनाच्या स्थितीवर ठरते, कमाईवर नाही. तुम्ही लाख रुपये कमावलेत तरी ५५ टक्के हे ५५ टक्केच. त्यावर मिळणाऱ्या सरकारी नोकरीतले ४ टक्के आरक्षण, एसटीची सवलत, परीक्षेतला तासामागे २० मिनिटांचा जादा वेळ, यांतले काहीही पगारामुळे जात नाही. उत्पन्नाची अट असलेल्या योजना आणि टक्केवारीवर मिळणारे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रांमधली निम्मी भीती त्यांची सरमिसळ झाल्यामुळे आलेली दिसते.

बघायचे ते एवढेच: तुमचे प्रमाणपत्र कायमचे आहे की ठरावीक मुदतीचे. मुदतीचे असेल तर संपण्याच्या तीन-चार महिने आधी स्वावलंबन पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज टाका. भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेला प्रमाणपत्र वैध नसेल तर नंतर आणलेले चालत नाही. आणि नाव! प्रमाणपत्र, आधार आणि दहावीची गुणपत्रिका या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखे असू द्या. कागदपत्र पडताळणीत वडिलांच्या नावातल्या एका काना-मात्रेवरूनही माणसे अडतात.

प्रश्न : मला अजिबात ऐकू येत नाही. बी.कॉम. झाले आहे. अर्ज केला की कंपन्या फोन करतात, मी उचलू शकत नाही, आणि पुढे काहीच होत नाही. अर्जात बहिरेपणा लिहावा की लपवावा? (वाचक, कोल्हापूर)

तुमच्या बाबतीत लिहाच. ज्यांचे अपंगत्व कामाच्या किंवा निवडीच्या पद्धतीत आड येत नाही त्यांनी पहिल्या अर्जात न लिहिले तरी चालते. पण तुमची गळती पहिल्याच फोनवर होते आहे. बायोडेटाच्या अगदी वर, नावाखालच्या ओळीत लिहा: 'कर्णबधिर आहे. संपर्क फक्त एसएमएस, व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर करावा.' मोबाइल क्रमांक त्याच्याखाली येऊ द्या, वर नको. माणूस आधी आकडा बघतो आणि लगेच फोन लावतो.

मुलाखतीचे बोलावणे आले की त्याच दिवशी उत्तर पाठवा. मजकूर असा ठेवता येईल:

'मुलाखतीच्या निमंत्रणाबद्दल आभार. मी कर्णबधिर आहे. प्रश्न संगणकावर टाइप करून दाखवल्यास किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी असल्यास मी पूर्ण मुलाखत देऊ शकते. ऑनलाइन मुलाखत असल्यास बोलणे पडद्यावर लिहून दाखवणारी कॅप्शनची सोय सुरू ठेवावी आणि सोबत चॅटची खिडकी उघडी ठेवावी. टॅली आणि एक्सेलवरची माझी चाचणी घेतल्यास आनंद वाटेल.'

शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. समोरच्याला तुमच्याशी बोलायचे कसे ही चिंता असते, तिचे उत्तर आधीच्या ओळींत मिळते. त्यानंतर त्याचे लक्ष कामाकडे वळायला हवे. मागणीही नेमकी ठेवा. 'सहकार्य करावे' असे लिहिले तर काय करायचे ते कोणालाच कळत नाही.

कायद्याचा आधार तुमच्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण प्रसिद्ध करावे लागते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदे, सुविधा आणि संपर्क अधिकाऱ्याचा उल्लेख असावा लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावर हे धोरण शोधा. सापडले तर अर्जाची प्रत त्या अधिकाऱ्यालाही पाठवा. पहिल्याच पत्रात कलमे लिहून धाक घालू नका, त्याने दार बंद होते. लेखी नकारात बहिरेपणाचे कारण दिले असेल तर ते पत्र जपून ठेवा. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करताना तोच पुरावा असतो.

प्रश्न : मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, ६० टक्के. वय २१. एका पॅकिंग युनिटमध्ये कामाला घेतो म्हणाले. रुजू होताना कोणते कागद द्यायचे? (पालक, नाशिक)

पहिला पगार व्हायच्या आधी हिशोब विभागाला अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत देऊन पोच घ्या. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना व्यवसाय कर माफ आहे. प्रत दिली नाही तर महिन्याला २०० पर्यंत (फेब्रुवारीत ३००), वर्षाचे २,५०० पर्यंत कापले जातात आणि परत मिळवताना दमछाक होते. ईएसआयची पगारमर्यादा इतरांसाठी २१,००० असली तरी दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी २५,००० आहे, हे लहान युनिटमध्ये ठाऊक नसते. सांगावे लागते.

पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या. तुमच्या खात्यात मागू नका, आणि 'रोख देतो' म्हटले तर नाही म्हणा. खाते उघडताना बँकेने कायदेशीर पालकत्वाचा कागद मागितला तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. कोर्टात जावे लागत नाही.

'आधी सहा महिने शिकू दे, मग पगार बघू' असे म्हणाले तर शिकण्याचा काळ, त्या काळातले विद्यावेतन आणि त्यानंतरचा पगार हे तिन्ही कागदावर घ्या. पॅकिंगचे काम शिकायला सहा महिने लागत असतील तर काम पायऱ्यांत मोडून शिकवले जात नाही, असेच बहुधा असते. कोणती पायरी अडते ते पहिल्या दोन आठवड्यांत विचारा. खोके दुमडणे जमते पण मोजणी चुकते, असे असेल तर दहा खाचांचा ट्रे दिला की मोजायची गरजच उरत नाही.

आणि निरामय हा राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा, एक लाखापर्यंतचा, नोकरी लागली म्हणून सोडू नका. त्याला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही, आणि ईएसआय नोकरीबरोबर येते तशी नोकरीबरोबर जाते. निरामयचे नूतनीकरण दरवर्षी वेळेत करून घ्या.