क्रूझ जहाजावर प्रवासी असतानाच दुरुस्ती का काढतात? जहाज बंद ठेवून करता येत नाही का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईहून क्रूझवर गेलात, तुमच्या मजल्यावरचा गालिचा अर्धा उखडलेला होता, दोन दिवस ठाकठूक चालली, एक लिफ्ट बंद. आणि विचारलंय की लोकांकडून पैसे घेऊन बसवल्यावर दुरुस्ती कशाला काढतात, तक्रार केली तर पैसे परत मिळतात का. पैशांचं शेवटी सांगतो. पहिला प्रश्न आमचे मोठे बाबा मला गेली कित्येक वर्षं विचारत आहेत, तेही तुमच्यापेक्षा वाईट भाषेत, म्हणून हे लांबणार.

मी २०१४ ते २०२० जहाजावर प्लंबर होतो. गाव दर्यापूर तालुक्यात, जिल्हा अमरावती. तालुक्याच्या नावात दर्या आहे तेवढाच. बाकी सगळा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी गुरंही तोंड वाकडं करून पितात. आयटीआय केलं, मुंबईला जाऊन सेफ्टीचे कोर्स केले, सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, काढलं, आणि गावातला समुद्रावर गेलेला पहिला माणूस झालो. याचा गावाला अभिमान वगैरे वाटला असेल असं समजू नका.

मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर फिटर होते. त्यांचा एकच कायदा: आधी मशीन बंद, मग पान्हा. माझ्याच साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पंगतीत, सासरच्या मंडळींसमोर कोणीतरी विचारलं की नवरदेव करतो काय. मी तोंड उघडायच्या आत मोठे बाबा म्हणाले, "लोकाइचे संडास मोकळे करते जहाजावर. अन् थेबी चालत्या जहाजात! चालत्या मशिनीले हात लावणारा मिस्त्री नसते बाप्पा, येडा असते." पंगत हसली. सासरे पत्रावळीतल्या वरणाकडे बघत राहिले. लग्न झालं, संसार नीट चाललाय, पण ती पंगत अजून माझ्या घशात आहे.

आता त्यांनाही आणि तुम्हालाही एकदमच सांगतो.

२०१७ चा जानेवारी, कॅरिबियन समुद्र. जहाज तेराशे केबिनचं, भरलेलं. रात्री साडेअकराला कंट्रोल रूममधून फोन आला की सातव्या मजल्यावर पुढच्या बाजूला बेचाळीस केबिनचे संडास मेले. त्या दिवशी फॉर्मल नाईट होती. बाया झगमगीत गाऊनमध्ये, पुरुष काळ्या कोटात, सगळे जेवून-पिऊन आपापल्या केबिनकडे निघालेले. म्हणजे बेचाळीस केबिनना आता संडास लागणारच.

जहाजावरचा संडास आपल्या घरच्यासारखा पाण्याच्या लोटाने वाहत नाही. नळ्यांतली हवा पंपाने ओढून ठेवलेली असते, साधारण अर्धा बार निर्वात, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेच्या निम्माच. बटण दाबलं की भांड्यामागची रबरी झडप दोन-तीन सेकंद उघडते आणि सगळं ओढून नेते. पाणी लागतं लिटरभर. फार चांगली व्यवस्था आहे, पण एका केबिनची झडप उघडी राहिली की तिथून हवा आत येत राहते आणि सगळ्या ओळीची ओढ उतरते. एकाच्या दारातली चूक, शिक्षा आळीला.

प्रवाशांच्या मजल्यावर मळका बॉयलर सूट चालत नाही. आधी धुतलेला घातला, पान्हे टॉवेलात गुंडाळले, कारण लोखंडाचा आवाजही चालत नाही. वर जाऊन त्या मजल्याचे कॉक एकेक करून बंद केले आणि दरवेळी निर्वात दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं. तिसरा कॉक बंद केल्यावर काटा चढायला लागला. म्हणजे रोग त्या कॉकच्या मागच्या चार केबिनमध्ये, बाकीच्या अडतीस तिथेच सुरू झाल्या. हे लक्षात ठेवा, मोठ्या बाबांसाठी पुन्हा लागणार आहे.

मग कॉरिडॉरमध्ये गालिच्यावर प्लास्टिक अंथरून गुडघ्यावर बसलो. केबिनची बाथरूम कारखान्यात डब्यासारखी तयार होऊन येते आणि तिची पाठ कॉरिडॉरकडे ठेवतात. तिथे चावीचं झाकण असतं, आत नळ्या आणि झडप. बांधणाऱ्याची अक्कल इथे दिसते: आत माणूस झोपलेला असला तरी बाहेरून काम होतं. झाकणांना एकेक करून कान लावला. सायकलच्या ट्यूबला बारीक काटा लागल्यावर जसा आवाज येतो, तसा तिसऱ्या झाकणामागे येत होता.

तेवढ्यात एक बाई गाऊन उचलून माझ्या पायांवरून पलीकडे गेल्या. मागून एक म्हातारे गृहस्थ आइस्क्रीमची वाटी घेऊन उभे राहिले आणि काय बिघडलंय म्हणून विचारायला लागले. अशा वेळी उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही सर, नेहमीची तपासणी." खरं सांगायचं नाही. सांगितलं तर सकाळपर्यंत अख्ख्या जहाजावर पसरतं की सगळे संडास फुटले.

झडप सोडवली. तिच्या रबरी ओठात कोंबडीच्या तंगडीचं हाड आडवं अडकलं होतं, स्वच्छ चोखलेलं. कोणीतरी खोलीत मागवून खाल्लं आणि हाड संडासात टाकलं. चिमट्याने काढलं, रबरावर दाताएवढी चीर पडली होती म्हणून नवं रबर घातलं, कॉक उघडला. एक वाजून दहा मिनिटांनी काटा जागेवर. आत माणूस घोरत होता, तो आवाज मला झाकणातून ऐकू येत होता. आपल्यामुळे बेचाळीस केबिनचे संडास बंद पडले होते हे त्याला आजही माहीत नाही.

हा झाला किस्सा. आता मोठे बाबा.

आम्ही चालत्या मशीनला हात लावतच नाही. जेवढा तुकडा उघडायचा तेवढाच बंद करतो, त्याच्या स्विचला किंवा कॉकला लाल कुलूप, त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी, चावी माझ्या खिशात. वेल्डिंग करायचं तर परवाना वेगळा, आग विझवायचं सामान घेऊन एक माणूस बाजूला उभा, आणि काम संपल्यावरही तो अर्धा तास हलत नाही. इंजिनांचंही तेच. या जहाजांवर बहुधा चार ते सहा डिझेल जनरेटर असतात आणि त्यांच्या विजेवर जहाज ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळं चालतं. एक उघडून पिस्टन बाहेर काढलेला असतो, बाकीचे चालू असतात, वर लोक नाचत असतात.

मोठे बाबा काम करायचे त्या जुन्या जिनात एकच लांब शाफ्ट होता आणि सगळे जिन पट्ट्यांनी त्यालाच बांधलेले. तिथे तुकडा बंद करायची सोयच नव्हती. त्यांच्यासमोर एका हेल्परची दोन बोटं गेली. त्यांचा कायदा तिथून आला आणि त्या जिनापुरता तो बरोबरच होता. पण तो घेऊन ते माझ्या जहाजावर चढतात, तिथे आमचं बिनसतं.

जहाज अजिबात बंद ठेवत नाहीत असंही नाही. पाच वर्षांत साधारणपणे दोनदा गोदीत नेऊन, पाणी काढून, तळ तपासावाच लागतो, तो आंतरराष्ट्रीय नियमच आहे. पण एवढी मोठी जहाजं मावतील अशा गोद्या जगात मोजक्या, तारखा फार आधी ठरतात आणि वेळ मिळतो दोन-तीन आठवडे. त्यात तळाचा रंग, पंखे, सुकाणू, पाण्याखालच्या झडपा, म्हणजे पाण्यात असताना होऊच शकत नाही ते करायचं. गालिचे, लिफ्ट, फरशा, खुर्च्यांची गादी, बाथरूमच्या फटींचं सिलिकॉन हे तिथे करत बसलं तर जहाज फार दिवस उभं राहील आणि तिकीट तुमच्याआमच्या ऐपतीबाहेर जाईल. म्हणून ते चालता चालता होतं. स्विमिंग पूल रात्री रिकामा करून घासतात. बाहेरचा गंज बंदरात, लोक फिरायला उतरले की. केबिनची कामं ज्या दिवशी जुने प्रवासी सकाळी उतरतात आणि नवे दुपारी चढतात त्या मधल्या तीन-चार तासांत. लिफ्ट एका वेळी एकच.

आणि तुम्हाला दिवसा ठोकाठोक का ऐकू आली, तर रात्री लोक झोपतात म्हणून. रात्री होतं ते काम तुम्हाला ऐकूच येत नाही. आम्ही काय केलं हे तुम्हाला कळलं नाही, की आमचं काम चांगलं झालं. यात मला कमीपणा वाटत नाही, पण साक्षगंधात सांगायला काही उरत नाही, हे मात्र खरं.

आता "लोकांचे संडास" याबद्दल. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फ नावाच्या जहाजावर मेक्सिकोच्या आखातात इंजिन रूममध्ये आग लागली. एका जनरेटरच्या इंधनाच्या लवचिक नळीला गळती होती. आग विझली, माणसं वाचली, पण वीज गेली. वीज गेली म्हणजे निर्वात गेला, निर्वात गेला म्हणजे संडास गेले. चार हजारांवर माणसं, चार दिवस, ओढत ओढत अमेरिकेतल्या मोबाइल नावाच्या बंदरापर्यंत. लोकांनी लाल पिशव्या वापरल्या. जगभरच्या टीव्हीवर इंजिनापेक्षा जास्त चर्चा संडासांची झाली. माझ्या चुलतभावाने हा व्हिडिओ मोठ्या बाबांना दाखवला तर ते म्हणाले, "पाह्य, म्हणत होतो ना मी, चालत्या जहाजात असंच होते." मी म्हटलं, मोठे बाबा, नळी बदलायची राहिली की असं होतं, आणि ती जहाज चालू असतानाच बदलता येते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यांना पुरून उरेल असं उदाहरण मला २०२० मध्ये मिळालं. कोरोनात मार्चपासून प्रवासी उतरवले आणि आमचं जहाज बहामाजजवळ नांगर टाकून उभं राहिलं. माणसं शंभर-सव्वाशे, फक्त कर्मचारी. मोठ्या बाबांच्या स्वप्नातलं जहाज: बंद, रिकामं, पाहिजे ते उघडा. काय झालं माहीत आहे? नळ वापरात नाही म्हणून पाणी नळीत साचून राहतं आणि त्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढायची भीती असते. म्हणून रोज जवळपास दोनशे केबिन, प्रत्येक केबिनचा नळ, शॉवर, फ्लश, हाताने चालवायचा. आठवड्यात तेराशे पूर्ण, सोमवारी पुन्हा पहिल्या केबिनपासून. झडपांची रबरं वाळून चिकटली. नळ्यांत लघवीतल्या क्षारांचा आणि चुन्याचा जो थर बसतो तो ओला असेपर्यंत ॲसिडने निघतो, वाळल्यावर खडक होतो. एक नळी कापली तर आत करंगळी जाईना, आमच्या गावच्या माठाच्या बुडासारखी पांढरी. भरल्या जहाजावर मी एवढा कधी राबलो नव्हतो. आपल्याकडे उपसा नसलेल्या विहिरीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी घरी आलो तो परत गेलो नाही. आता दर्यापुरात मोटारपंपांची कामं करतो.

एक गोष्ट मोठ्या बाबांच्या बाजूने मान्य करायला हवी, ती उशिरा का होईना करतो. चालता चालता दुरुस्ती होते म्हटल्यावर ढकलाढकलीही होते. "पुढच्या गोदीत बघू" हे वाक्य मी खूप ऐकलंय आणि गळणाऱ्या नळीवर महिनोन् महिने पट्ट्या बांधलेल्याही पाहिल्यात. शिवाय मी प्लंबर होतो, इंजिनियर नाही. जनरेटरचं वर लिहिलंय ते शेजारी उभं राहून पाहिलेलं आहे.

आता तुमचे पैसे. तिकिटाच्या अटींमध्ये सोयी बंद राहण्याबद्दल कंपनीने आपली सोय आधीच करून ठेवलेली असते, त्यामुळे घरी येऊन पत्र लिहून फारसं हाती लागत नाही. जहाजावर असतानाच काउंटरवर जायचं, फोटो दाखवायचे, लेखी तक्रार द्यायची आणि केबिन बदलून मागायची. रिकामी असेल तर देतात, नाहीतर जहाजावरच खर्चायचं थोडं क्रेडिट. ओरडू नका, काउंटरवरच्या पोरीने गालिचा उखडलेला नसतो. पुढच्या वेळी बुकिंगआधी ते जहाज गोदीत कधी जाणार किंवा गेलं होतं ते बघा. गोदीच्या अगदी मागच्या-पुढच्या सफरींत मिस्त्री लोक हमखास भेटतात. आणि ओले टिश्यू संडासात टाकू नका, पाकिटावर टाका म्हणून लिहिलं असलं तरी. हाडंही.

या मे महिन्यात आमच्या जुन्या घराचे कवेलू फेरले. मोठ्या बाबांचं खुब्याचं हाड मोडलेलं, ते खाटेवर, त्यांना दुसरीकडे हलवायची सोय नाही. म्हणून घराचे तीन भाग केले. एका खोलीचं छप्पर उघडायचं, खाट दुसरीत, दुपारी ते झाकलं की खाट परत. मी वर बांबूवर बसून फुटके कवेलू खाली देत होतो आणि खालून मोठे बाबा ओरडत होते, "अबे, माती पडून रायली ना माह्या आंगावर! आधी मले तं बाहीर काढा, मंग उघडा घर!"

मी वरूनच म्हटलं, "तक्रार काउंटरवर द्या, मोठे बाबा. केबिन बदलून देतो."

खाली थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी वहिनीला हाक मारून विचारलं, "हा काय म्हन्ते वं?"