बॉनेटखालची गरम हवा आणि निपाणीकरांची टीटी

निपाणीकर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुनी ऑडी टीटी, २.० टीएफएसआय टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), सेकंडहँड घेतलेली. सकाळी गाडी झकास पळते. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी मात्र उसाच्या ट्रॉलीमागं तवंदी घाट रांगत चढला आणि मग ओव्हरटेकला पाय दाबला की गाडी जड वाटते. म्हणून मूळ एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, काढून उघडा शंकूसारखा कोन फिल्टर बसवायचा, त्याला बंपरच्या तळापर्यंत पाइप सोडायचा आणि जमलं तर बॉनेटला हवेसाठी भोकं पाडायची, असा बेत आहे. कुणीतरी सगळ्याचा मिळून भावही सांगितलाय.

कोन नको. बॉनेटला भोकं तर मुळीच नकोत. डबा आहे तसा ठेवा आणि पैसे दुसरीकडं घाला. कुठं घालायचे ते सांगतो, पण त्याआधी थोडा हिशोब, कारण हिशोब न करता सल्ला देणारे तुम्हाला आधीच भेटलेत.

थंड हवा हवी ती एवढ्यासाठी की थंड हवा दाट असते. तीस अंशांची हवा पंचेचाळिसावर गेली की घनता जवळपास ५ टक्क्यांनी घटते. टर्बो नसलेल्या गाडीत हा तोटा थेट ताकदीत दिसतो, म्हणून तिथं थंड हवेच्या पाइपाला अर्थ आहे. तुमच्या गाडीत मधे टर्बो आणि त्यानं तापवलेली हवा गार करणारा इंटरकूलर बसलेत. समजा बाहेर ३० अंश आहेत. टर्बो हवा १.७ पट दाबतो आणि त्याच्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा नुसत्या दाबण्यानं ७० अंशांनी तापून १०० च्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलरनं या वाढीतला ७० टक्के भाग काढून टाकला तर इंजिनात शिरते ती साधारण ५१ अंशांची. आता कोन बसवून बॉनेटखालची ४५ अंशांची हवा टर्बोला पाजली असं धरा. टर्बोतून ती १२० ला निघेल आणि इंटरकूलर बाहेरच्या तीसच्याच हवेनं गार होतो म्हणून त्याच्यानंतर ५७ वर येईल. म्हणजे तोंडाशी १५ अंशांचा फरक, आत पोचेपर्यंत ६ चा.

आता उलट बाजू बघा. टर्बोच्या तोंडाशी तीसचीच हवा आहे, पण इंटरकूलरच्या जाळीत किडे, चिखल आणि पाचटाचा भुसा बसलाय आणि तो ७० ऐवजी ५५ टक्केच काम करतोय. मग आत जाणारी हवा ६२ ची. बॉनेटखालच्या गरम हवेनं ६ अंश घालवले, घाणेरड्या इंटरकूलरनं ११. तुमच्या बेतात इंटरकूलरचं नावही नाही.

यात आपल्या उंचीची भर पडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. साध्या इंजिनाची ताकद इथं आपोआपच घटते. टर्बोवाल्या गाडीचा संगणक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब तोच राखायला बघतो, म्हणून गोव्यात जी हवा १.७ पट दाबावी लागते ती इथं १.८५ पट दाबावी लागते आणि आणखी बारा-तेरा अंशांनी तापते. वर हवा थंड असते म्हणून हे जाणवत नाही, पण उन्हाळ्याच्या दुपारी तोही आधार जातो. निपाणी बेळगावपेक्षा खाली आहे, तरी गणिताची दिशा तीच.

मग गाडी जड का वाटते? आत जाणारी हवा तापली की पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा धोका वाढतो. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक ठिणगी उशिरा टाकायला लागतो. तुम्हाला पायाखाली जाणवतं ते मुख्यतः हे. म्हणून टाकीत ९५ ऑक्टेनच्या खालचं पेट्रोल घालू नका; ऑक्टेन म्हणजे वेळेआधी न पेटण्याची पेट्रोलची क्षमता. ऑक्टेन कमी असेल तर थंड हवेवर केलेला निम्मा खर्च तिथंच वाया जातो. आणि हो, सर्व्हिसिंगचा इतिहास माहीत नसलेल्या सेकंडहँड गाडीचे ठिणगी पाडणारे प्लग आणि कॉइल आधी बघून घ्या. मला स्वतःला कोन फिल्टरच्या गोष्टीपेक्षा यातच जास्त दम वाटतो.

आता मोजायचं कसं. गाडीच्या संगणकाला जोडायचं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र आणि मोबाइलवर एखादं ॲप, बास. मात्र आकडा कुठल्या सेन्सरचा आहे ते आधी ठरवा. बऱ्याच टर्बो गाड्यांत एक तापमान एअर फिल्टरनंतर मोजलं जातं आणि दुसरं इंटरकूलरनंतर, मॅनिफोल्डपाशी. पहिला आकडा डब्याबद्दल सांगतो, दुसरा इंटरकूलरबद्दल. दोन्ही मिळाले तर उत्तमच. संकेश्वर ते हत्तरगी महामार्गावर ऐंशीच्या स्थिर वेगात पाच-सात मिनिटं नोंद घ्या. मग हत्तरगी टोलनाक्याच्या रांगेत उभे असताना आकडा किती चढतो आणि पुढं वंटमुरी घाटाकडं वेग घेतल्यावर तो किती सेकंदांत उतरतो, ते बघा. नोंद शेजारी बसलेल्यानं घ्यायची, चालवणाऱ्यानं नाही. उभ्या गाडीचा आकडा बघून घाबरू नका. उभं राहिल्यावर सगळ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली भट्टी होते. प्रश्न आहे तो वेग आल्यावर आकडा पटकन खाली येतो की नाही, एवढाच.

ऐंशीच्या वेगात फिल्टरनंतरचं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंशांनीच जास्त असेल तर तुमचा मूळ डबा आधीच थंड हवा घेतोय. त्यावर पैसे घालून काहीच मिळणार नाही. पंधरा-वीस अंश जास्त असेल तर डबा कुठंतरी बॉनेटखालची हवा ओढतोय. सेकंडहँड गाडीत हे सर्रास दिसतं. झाकणाची क्लिप तुटलेली, रबर आकसलेलं, पुढच्या जाळीकडं जाणारा नळ कुणीतरी काढल्यावर परत बसवलेलाच नाही. बॉनेट उघडा, डब्याच्या तोंडात हात घाला आणि तो नळ पुढं कुठं निघतो ते बोटांनी चाचपा.

काम करायचंच असेल तर इथं करा. नळ नसेल तर मूळ भाग मागवा. मिळत नसेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून घ्या. ज्या गावात पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशोबात घासले जातात, तिथं पत्र्याचा एक नळ वळवून देणारा माणूस शोधायला पुण्याला जायची गरज नाही. तोंड रुंद आणि कडा गोल ठेवा, कारण धारदार कडेवर हवा फाटते. वळणं कमी ठेवा. आतून वळ्या असलेला लवचिक पाइप वापरू नका. दिसायला सोपा, पण हवेला अडवतो. डब्याच्या आणि नळाच्या सांध्याला दाराला लावतात ती फोमची पट्टी लावा. टर्बोकडच्या बाजूनं उष्णता परतवणारी पत्र्याची आडभिंत घातली तर चांगलंच.

पाइप ॲल्युमिनियमचा की प्लास्टिकचा यावर लोक तासन्‌तास भांडतात. पूर्ण ताकदीवर दोनशे हॉर्सपॉवरचं इंजिन सेकंदाला साधारण सव्वाशे लिटर हवा ओढतं. पाऊण मीटरच्या पाइपातून ती हवा सेकंदाच्या तीसेक सहस्रांश वेळात निघून जाते, तेवढ्यात तापणार किती? पाय दाबलेला असताना धातूचा फरक पडत नाही. रांगेत रेंगाळताना पडतो, पण तेव्हा तुम्हाला ताकद हवी कुठं असते.

बॉनेटवरच्या स्कूपबद्दल, म्हणजे हवा पकडायच्या त्या तोंडाबद्दल, एकच हिशोब देतो. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा जोर पकडून जास्तीत जास्त मिळणारा दाब साडेचारशे पास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. दोनशेच्या वेगाला जेमतेम पावणेदोन-दोन टक्के. आपल्या महामार्गावर दोनशेला कुणी जाऊ नये, आणि जातच असेल तर त्यानं मला सांगू नये. शिवाय बॉनेटच्या पुढच्या भागावर बहुतेक ठिकाणी दाब कमी असतो. तिथं पाडलेलं भोक हवा आत घेण्याऐवजी बाहेर सोडतं. पावसात मात्र पाणी बिनचूक आत घेतं, थेट कॉइलवर.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर बंपरच्या तळाला सोडायच्या पाइपाबद्दल बोलू. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. तुम्ही पावसाळ्यात आंबोलीला जाता असं लिहिलंय. खानापूर, जांबोटी, चोर्ला या बाजूला जुलैत रस्त्यावर पाणी कसं साचतं ते सांगायला नको. टीटी जमिनीला टेकूनच चालते. फिल्टर खाली असला आणि पाण्यात गेला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडायचं बिल गाडीच्या सेकंडहँड किमतीच्या अंगावर जाईल. साध्या विम्यात असं पाण्यानं गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, त्याला वेगळं इंजिन-संरक्षण घ्यावं लागतं. आणि हवा घ्यायचा बदललेला मार्ग दिसला की विम्याचा सर्व्हेअर तिथंही बोट ठेवणार. कंपनीनं हवेचं तोंड उंचावर ठेवलंय ते उगीच नाही. मूळ डब्याच्या तळाला पाणी निघून जायचं भोक असतं, ते कचऱ्यानं बुजलेलं असेल तर मोकळं करून घ्या.

दुसरा शत्रू धूळ. आपल्याकडं कारखाने सुरू झाले की चिकोडी, संकेश्वर, गोकाक भागात रस्ताभर पाचट आणि ट्रॉल्यांची माती, कुठं फड पेटवले की काळी राख. खानापूरकडं तांबडी माती. उघडा कोन ही सगळी धूळ आपल्या अंगावर घेतो. तेल लावलेला कापडी फिल्टर घेतलात तर आणखी एक भानगड असते: तेल जरा जास्त झालं की ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं. मग संगणकाला हवा कमी वाटते आणि मिश्रण बिघडतं. कोनाबरोबर येणाऱ्या पाइपाचा व्यास सेन्सरपाशी वेगळा असला तरी तोच घोटाळा, कारण तो सेन्सर मूळ नळीच्या मापावरच हिशोब करतो. चांगला कागदी फिल्टर घाला आणि उसाचा हंगाम संपला की बदला. स्वस्त आणि बिनत्रासाचं काम आहे.

आता इंटरकूलर. बंपरच्या मागं, समोरून वारा लागतो तिथं तो बसतो. पुढचा बंपर उतरवायला लावा, वरवर बघून कळत नाही. पाण्याचा हलका फवारा आणि मऊ ब्रश, आतून बाहेरच्या दिशेनं. गाड्या धुणाऱ्याच्या प्रेशर पंपानं मारू नका, पाती लवतात आणि मग ती सरळ करत बसावं लागतं. तो उघडा असतानाच दुसरी गोष्ट बघा: समोरून आलेली हवा त्याच्यातून जातेय की बाजूच्या फटीतून पळतेय. हवा आळशी असते, मोकळी वाट मिळाली की पातींमधून घुसायचे कष्ट घेत नाही. जुन्या गाडीत बंपर एकदा तरी उतरलेला असतो आणि बाजूची प्लास्टिकची आवरणं गायब असतात. फोम किंवा पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी त्या फटी बुजवा. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी नळ्या तेलकट दिसल्या तर दाबाची गळती तपासून घ्या. गळती असेल तर टर्बो तेवढ्याच दाबासाठी जास्त फिरतो आणि हवा आणखी तापवतो. तुमची तक्रार एवढ्यानंच निम्मी सुटेल असा माझा अंदाज आहे.

मोठा इंटरकूलर हा त्याच्या पुढचा टप्पा. घाटात सलग पाच-सहा मिनिटं पाय दाबून चढणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, कारण जड धातू उशिरा तापतो. पण फार मोठा घातला तर दाब भरायला उशीर होतो आणि मागच्या रेडिएटरचा वारा अडतो. आपल्या उन्हात रेडिएटर उपाशी ठेवणं परवडणार नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. डबा तसाच ठेवून नळ आणि सील दुरुस्त केलं तर ती दुरुस्तीच. फुसफुसणारा उघडा कोन आणि भोकं पाडलेलं बॉनेट घेऊन केए-२३ नंबरची (कर्नाटकातली) टीटी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं महाराष्ट्रात शिरली की पोलिसांना वेगळं काही सांगावं लागत नाही. आवाजाची हौस असेल तर तसं स्पष्ट म्हणा ओ, त्यात लाज कसली. मग सायलेन्सरचा वेगळा विषय काढू. थंड हवेच्या नावानं आवाज विकत घेऊ नका.

तर आधी बंपर उतरवून सफाई, फटी बुजवणं, डब्याचं सील, नवा कागदी फिल्टर. ते झाल्यावर एखाद्या दुपारी तीनच्या सुमाराला हत्तरगीपर्यंतची नोंद काढा आणि तीन आकडे इथं टाका: बाहेरचं तापमान, फिल्टरनंतरचं आणि मॅनिफोल्डमधलं. ठिणगी किती मागं सरकतेय हे ॲपमध्ये दिसत असेल तर तेही टाका. मॅनिफोल्डचा आकडा पाय दाबल्यावर बाहेरच्यापेक्षा तीस अंशांहून जास्त चढत असेल, तर मोठ्या इंटरकूलरचं माप काढायला बसू. तोवर त्या भाववाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.