मेंदूतल्या पाण्यावर संशोधन करून करिअर होतं का?

तुम्ही विचारलंय की फिजिऑलॉजीत एमएस्सी झाल्यावर मेंदूतल्या पाण्याच्या आणि आयनांच्या ये-जा करण्यावर पीएचडी करावी, की विषय फारच अरुंद आहे. मी डेन्मार्कमध्ये याच विषयात पीएचडी केली आणि अजून त्यातच आहे. करिअर होतं, आणि विषय अरुंद अजिबात नाही.

मोठ्या माणसात साधारण १५० मिली सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाण्यासारखं द्रव, असतं आणि रोज सुमारे ५०० मिली नवं तयार होतं, म्हणजे ते दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. त्यातलं बरंचसं कोरॉइड प्लेक्ससमध्ये, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांमधल्या एका ऊतीत, बनतं. उंदराच्या मेंदूतून तो काढला की चिमट्यात धरायची भीती वाटते, इतका नाजूक असतो. द्रवात सोडला की तांबूस झालरीसारखा हळूहळू उलगडतो. हे पाणी नुसतं मिठाच्या मागोमाग ऑस्मोसिसने जातं, की आयन वाहून नेणारी प्रथिनंच ते सोबत ओढून नेतात, यावर अजून वाद आहे. २०१८ साली कोपनहेगनच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की जवळपास निम्म्या सीएसएफमागे एनकेसीसी-१ हे एकच प्रथिन आहे. सगळ्यांना ते पटलेलं नाही. तुमच्यासाठी ही चांगलीच गोष्ट आहे, काम शिल्लक आहे.

डेन्मार्कला या विषयाची जुनी परंपरा आहे. इथले शास्त्रज्ञ येन्स स्काऊ स्थानिक भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करत होते. त्यातून खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंपर्यंत पोचले, आणि १९५७ मध्ये सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे हे आयन पेशीच्या आत-बाहेर करणारं प्रथिन, सापडलं. नोबेल मिळालं १९९७ मध्ये.

रोजचं काम मात्र मोजमापाचं. सुरुवातीला मी कृत्रिम सीएसएफ बनवताना कार्बन डायऑक्साइड मिसळलेला ऑक्सिजन सोडायच्या आधीच कॅल्शियम घातलं. द्रव किंचित गढूळ झाला होता, ते दिसलं नाही, आणि तीन आठवड्यांचे प्रयोग टाकून द्यावे लागले. आता बाटली खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी काहीच सुरू करत नाही.

हे सगळं कशासाठी, तर डोक्यात पाणी भरलेल्या मुलांसाठी. हायड्रोसेफॅलसमध्ये मेंदूतून पोटापर्यंत शंटची नळी घालतात. ती बंद पडली की पुन्हा ऑपरेशन. शंटची जागा घेईल असं औषध नाही, कारण कुठला पंप किती पाणी आणतो हेच आपल्याला नीट ठाऊक नाही.

डेन्मार्कमध्ये पीएचडी तीन वर्षांची, आणि बहुतेक जण पगारी कर्मचारी म्हणून करतात. भारतात राहायचं तर नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप घ्या, महिना ३७,००० रुपये मिळतात. पुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीची, काही वर्षं धरूनच चाला, कायमची जागा लवकर मिळत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

लॅबला मेल करताना गुणांची यादी देऊ नका. त्यांचे दोन पेपर वाचा आणि कुठला आलेख पटला नाही, का पटला नाही, ते लिहा. मला असा मेल आजवर एकदाच आलाय. त्या मुलीला मी त्याच दिवशी उत्तर दिलं.