हरणाच्या शिकारीसाठी पहिल्या रायफलवर कोणता स्कोप घ्यावा: ३-९×४० की ६-२४×५०?

मित्र ३-९×४० म्हणतोय, त्याचंच ऐका. (पहिले दोन आकडे मॅग्निफिकेशनचे, म्हणजे चित्र कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती पट मोठं दिसेल ते; शेवटचा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) दुकानदार ६-२४×५० गळ्यात मारू पाहतोय, कारण त्यात पैसे जास्त आहेत आणि आकडाही मोठा दिसतो. हे मी इतक्या खात्रीने सांगू शकते, कारण पाच-सहा वर्षांपूर्वी मी तोच मोठा आकडा विकत घेऊन घरी आले होते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून: पेन्सिल्वेनिया, टिक्का कंपनीची पॉइंट ३०८ रायफल, झाडीतली व्हाइटटेल हरणाची शिकार, स्कोपसाठी ५०० डॉलर, आणि पुढेमागे तोच स्कोप गावी भावाच्या एअरगनवर चढवायचा विचार. एअरगनचं शेवटी सांगते.

मी सिंधुदुर्गातली. आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, नळीच्या टोकाला नेम धरायची पितळेची माशी. ती वाजायची ती बहुतेक हवेतच, भातात घुसलेली डुकरं पळवायला. त्यामुळे स्कोप म्हणजे लांबचं जवळ आणणारी दुर्बीण, एवढीच माझी समज. जास्त जवळ आणेल तो चांगला, असा सरळ हिशोब करून मी ६-२४ घेतला. नेमबाजीच्या रेंजवर मजा आली. १०० यार्डांवर कागदाला पडलेलं भोक जागेवर बसून दिसायचं.

सीझनच्या पहिल्या सकाळी मचाणावर बसले होते, म्हणजे इथल्या भाषेत ट्री स्टँडवर. साडेसातच्या सुमारास उजवीकडे पानं वाजली आणि एक नर ४० यार्डांवर येऊन थांबला. रायफल वर घेतली, आत बघितलं, तर नुसते केस. करडे-तपकिरी केस, तेही धुरकट. स्कोप रेंजवरच्याच १२ वर राहिला होता, आणि बाजूची फोकसची चकती कुठेतरी २०० यार्डांवर. खांदा आहे की मांडी, काही कळेना. चकती फिरवायला हात हलवला तसं शेपटीचं पांढरं निशाण उभं राहिलं आणि स्वारी गेली.

यातलं गणित साधं आहे. ३ वर ठेवलेल्या स्कोपमधून १०० यार्डांवर साधारण ३३ फूट रुंदीचा देखावा दिसतो, ९ वर १३-१४ फूट. १२ वर आणखी कमी, आणि जनावर ४० यार्डांवर असेल तर त्याचेही दोन-पंचमांश. म्हणजे मला जेमतेम साडेतीन फूट दिसत होतं, आणि हरीण त्याहून लांब असतं. इथे पेन्सिल्वेनियाच्या जंगलात बहुतेक जनावरं १०० यार्डांच्या आतच दिसतात. म्हणून स्कोपवरचा पहिला, लहान आकडा आधी बघायचा. ३ चांगला, २ आणखी चांगला. वरचा ९ तुम्हाला रेंजवर आणि एखाद्या मोकळ्या शेताच्या कडेला लागेल, तेवढंच.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि खरा पैसा इथे लागतो. पेन्सिल्वेनियात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी आहे, आणि हरणं नेमकी त्या दोन टोकांच्या संधिप्रकाशात हलतात. स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा आणि डोळ्याकडच्या काचेत बघा. एक छोटा उजळ ठिपका दिसेल. त्या ठिपक्याचा व्यास म्हणजे पुढच्या काचेचे मिलिमीटर भागिले मॅग्निफिकेशन. ४० ची काच ६ वर ठेवली तर साडेसहाच्या वर, ९ वर ४.४. ५० ची काच २४ वर नेली तर जेमतेम २. अंधारात तरुण माणसाची बाहुली ६-७ मिलिमीटर उघडते, वय वाढतं तशी कमी. तिथे २ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे भगदाडाएवढ्या खिडकीला किल्लीच्या भोकाचा पडदा. संध्याकाळी मॅग्निफिकेशन खाली आणलं की चित्र उजळतं, हे मला कोणी दुकानात सांगितलं नव्हतं.

मग ५० ची काच ४० पेक्षा बरी नाही का? थोडी. पण ती मोठी असल्याने स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या रिंग उंच लागतात, स्कोप नळीपासून वर जातो, आणि नेम धरताना गाल दस्त्यावर टेकतच नाही, हवेत लटकतो. त्यापेक्षा त्याच पैशात चांगली काच घ्या. बिनलेपाच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो, आणि स्कोपमध्ये असे बरेच पृष्ठभाग असतात. खोक्यावर ‘फुली मल्टीकोटेड’ लिहिलेलं असावं. नुसतं ‘कोटेड’ असेल तर सोडून द्या. दुकानदार ३० मिलिमीटरच्या नळीतून जास्त उजेड येतो असंही सांगेल. तसं नाही. जाड नळीने आत नेमाच्या रेषा वर-खाली करायची जागा वाढते, ती लांब पल्ल्यावाल्यांना हवी असते. तुम्हाला एक इंची नळी पुरे.

दुकानात ट्यूबलाइटखाली सगळे स्कोप सारखेच झकास दिसतात. आपल्याकडे बायका साडी दुकानाच्या दारात नेऊन रंग बघतात ना, तसं करा. विचारून, नुसता स्कोप घेऊन, संध्याकाळी दाराशी उभे राहा आणि पार्किंगपलीकडच्या झाडांच्या सावलीत बघा. बुंध्याची साल वेगळी दिसते की सगळं काळं? दोन-तीन स्कोप एकापाठोपाठ बघितलेत तर मला पुन्हा विचारावं लागणार नाही. जवळच्या दुकानात मला अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

आता माझ्या कपाळाची गोष्ट. डोळा आणि स्कोपची काच यांच्यात जे अंतर ठेवून पूर्ण चित्र दिसतं त्याला आय रिलीफ म्हणतात. पॉइंट ३०८ साठी ते साडेतीन-चार इंच हवं. माझ्या स्कोपचं वरच्या मॅग्निफिकेशनवर तीनच्याही खाली जायचं, म्हणून मी मान पुढे काढून बघायचे. रेंजवर विसावी-बाविसावी गोळी असेल. रायफल मागे आली आणि स्कोपची कड भुवयांच्या मधोमध बसली. रक्त पुसून आरशात बघितलं तर अगदी चंद्रकोर टिकली, आजीच्या फोटोतल्यासारखी. सोमवारी ऑफिसात मी खरोखरच त्यावर टिकली लावून गेले.

म्हणून स्कोप बसवताना एक करा. रिंग सैल ठेवा, शिकारीचं जाड जाकीट घाला (हे महत्त्वाचं, टीशर्टवर जमवलेलं माप नोव्हेंबरात चुकतं), मॅग्निफिकेशन सगळ्यात वर न्या. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा. डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. कडेला काळी सावली न येता पूर्ण गोल दिसला पाहिजे. मान हलवावी लागली तर मान नको, स्कोप हलवा. मग उभी रेष खरंच उभी आहे ना ते बघून रिंगचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. किती आवळायचं ते रिंगच्या कागदावर असतं, सहसा १५ ते १८ इंच-पाउंड. त्यासाठीचा टॉर्क पाना मिळतो, घ्याच. मनगटाच्या अंदाजाने नळी चेपली जाते.

रेटिकल, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेषा, साधं घ्या. बाहेरून जाड आणि मध्यावर बारीक होणाऱ्या रेषा, ज्याला सगळे डुप्लेक्स म्हणतात. लूपोल्डने ते १९६२ मध्ये आणलं आणि झाडीत अजून त्याला तोड नाही, कारण अंधुक उजेडातही जाड रेषा डोळ्याला मधोमध नेऊन सोडतात. व्हिडिओवाले ‘फर्स्ट फोकल प्लेन’चं कौतुक करतात. त्यात मॅग्निफिकेशन कमी केलं की रेषाही बारीक होतात, म्हणजे ३ वर, काटक्यांच्या गर्दीत, त्या केसासारख्या होऊन हरवतात. तुम्हाला सेकंड फोकल प्लेन, ज्यात रेषांची जाडी बदलत नाही. फोकसची बाजूची चकतीही नको. शिकारीच्या साध्या स्कोपचा पॅरलॅक्स (डोळा जरा हलला की रेषा लक्ष्यावरून सरकल्यासारख्या दिसतात तो दोष) बहुतेक वेळा १०० किंवा १५० यार्डांसाठी आधीच जुळवलेला असतो, आणि एवढ्या अंतरात फिरवण्यासारखं काही हाताशी नसलेलंच बरं.

नावं हवीत म्हणून: लूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०, बरिसचा फुलफील्ड, व्होर्टेक्सचा त्याच मापातला. मी सध्या पहिला वापरते. लूपोल्ड आणि व्होर्टेक्स दोघेही दुरुस्तीला आयुष्यभराची हमी देतात आणि पावती मागत नाहीत, त्यामुळे जुना घ्यायलाही हरकत नाही. ५०० पूर्ण यावर घालवू नका. सुमारे ३०० स्कोपला, उरलेल्यात धड रिंग आणि एक साधी ८×४२ दुर्बीण. दुर्बीण चैनीची नाही. जंगलात काही हललं की लोक स्कोपमधून बघतात, म्हणजे भरलेली रायफल त्या दिशेला रोखतात, आणि हलणारं बऱ्याचदा नारिंगी जाकिटातलं माणूस असतं. एकदा मी दुर्बिणीतून समोरच्या उतारावर बघत होते आणि तिथला एक जण स्कोपमधून माझ्याकडे बघत होता. मी खाली उतरून घरी गेले.

झिरो करताना, म्हणजे गोळी लागते तिथे रेषा जुळवताना, सुरुवात २५ यार्डांवर करा. बोल्ट काढून नळीतून लक्ष्य मधोमध धरा, रायफल न हलवता रेषा तिथे आणा, मग गोळी. रेषा सरकवायच्या चकतीची एक क्लिक १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकवते, म्हणजे २५ वर त्याचा चौथा हिस्सा. एक इंच सरकवायला १६ क्लिक. चार फिरवून ‘काहीच होत नाही’ म्हणून चिडू नका, मी चिडले होते. मग १०० यार्डांवर या आणि तीन गोळ्यांचा झुबका मध्यापासून दीड-दोन इंच वर ठेवा. १५० ग्रेन वजनाच्या गोळीला तो साधारण २०० यार्डांपर्यंत पुरतो, मध्ये काही मोजायला नको. शिकारीलाही त्याच खोक्यातल्या गोळ्या न्या. दुसऱ्या कंपनीच्या त्याच वजनाच्या गोळीनेही झुबका सरकतो.

व्हिसाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. एच-वन-बीवर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते. मी पहिला सीझन तसाच केला. परवाना संपला आणि रायफल कपाटात राहिली असं होऊ देऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर हा परिच्छेद विसरा.

आणि भावाची एअरगन. नको. एक तर रायफलचा स्कोप अमेरिकेबाहेर न्यायला निर्यातीचे नियम लागतात, तो बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून न्यायची वस्तू नाही. दुसरं, स्प्रिंगची एअरगन आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. रायफलचे स्कोप मागच्या झटक्यासाठी बांधलेले असतात. पुढच्याने आतल्या काचा सैल होतात आणि नेम रोज वेगळीकडे जातो. शिवाय १०० यार्डांना जुळवलेला स्कोप परसातल्या १० मीटरवर धुरकटच दिसणार. भावाला एअरगनसाठी बनवलेला, १० यार्डांपर्यंत फोकस होणारा स्कोप तिथेच घेऊ द्या.