वाचकांचे प्रश्न: निळा छाप, लिनो आणि मुंबईचा पावसाळा

प्रश्न: मी सायनोटाइपवर (रसायनांचा थर दिलेल्या कागदावर उन्हात उमटवलेल्या निळ्या छापावर) जलरंग लावते आणि लिनो (लिनोलियमवर कोरलेला ठसा) छापते. मे महिन्यात गच्चीवर छाप छान निघाले. जुलैपासून पांढरे भाग निळसर येतात आणि धुताना गडद भागातला निळाही वाहून जातो. मिश्रण तेच आहे. (लालबाग)

उत्तर: या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

पांढऱ्यावर निळसर झाक येते ती ओलाव्यामुळे. थर दिलेला कागद दमट राहिला की अंधारातही रसायनांची आपापसात हळूहळू क्रिया सुरू होते. थर दिल्यावर हेअर ड्रायरच्या थंड किंवा अगदी कोमट हवेने वाळवा आणि त्याच दिवशी वापरा. रात्रभर ठेवलेला कागद पावसाळ्यात वाया गेलाच समजा. कोरा कागदही सिलिका जेलच्या पुड्या टाकून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.

थराच्या मिश्रणाचं प्रमाण नेहमीचंच: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. बाटल्या वेगळ्या ठेवा, वापरताना समभाग मिसळा. कुंचल्याने ए-फोर आकाराला चारेक मिली मिश्रण पुरतं. सायट्रेटच्या बाटलीवर मुंबईत हमखास बुरशी धरते. कॉफीच्या फिल्टरमधून गाळलं तर चालतं, पण मुळात ५० मिलीच बनवावं हे बरं. आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल आणू नका. विषारी वायू निघतो.

निळा वाहून जातो तो बहुधा ऊन कमी पडल्यामुळे. मेच्या दुपारी दहा मिनिटांत होणारं काम ढगाळ हवेत अर्धा-पाऊण तासही घेतं. घड्याळापेक्षा रंग पाहा: थरावर ठेवलेल्या निगेटिव्हच्या कडेबाहेरचा उघडा थर पिवळट हिरव्यावरून निळ्यावर आणि पुढे करडा-खाकी झाला पाहिजे. नुसता निळा दिसतोय म्हणून उचलला, तर निम्मा रंग बादलीत जाईल. थर दिलेल्या कागदाच्या एका पट्टीवर पुठ्ठा पाच-पाच मिनिटांनी सरकवून चाचणी घ्या.

हे करूनही रंग टिकला नाही, तर पाण्यावर संशय घ्या. प्रशियन निळ्याला अल्कली सोसत नाही. बोअरवेलचं किंवा टँकरचं क्षारयुक्त जड पाणी असेल, तर पहिल्या धुण्यात लिटरला पाव चमचा लिंबूसत्त्व घाला.

प्रश्न: लिनोचा ठसा खालच्या सायनोटाइपशी जुळत नाही, दोन-तीन मिलिमीटर सरकतो. (ठाणे)

उत्तर: ठसा जागेवरच असतो, आकार बदलतो कागदाचा. धुतल्यावर तो पसरतो आणि वाळताना आकसतो. पूर्वीच्या मापाला परत येईलच असं नाही. म्हणून थर देण्याआधीच कागद गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाळवा. लिनोचं रेखाटन निगेटिव्हवरून न करता धुऊन वाळलेल्या छापावरून ट्रेस करा.

क्रम असा ठेवा: सायनोटाइप, मग जलरंग, शेवटी लिनोची तेलाची शाई. उलट केलंत तर शाईवर जलरंगाचे नुसते थेंब जमतात. जलरंगानंतर कागद टीपकागदात घालून वजनाखाली सपाट करा. ॲक्रिलिक वापरायचं असेल तर आधी तुकड्यावर पाहा. त्याचं माध्यम थोडं अल्कलीयुक्त असतं, त्यामुळे निळा फिका पडू शकतो. जवसाच्या तेलाची शाई दमट हवेत आठवडाभरही चिकट राहते, तोवर छाप एकावर एक रचू नयेत.

प्रश्न: चित्र, मुद्राचित्र आणि फोटो अशा तिन्हींत काम केलेल्या कोणाचा अभ्यास करावा? (दादर)

उत्तर: ज्योती भट्ट. बडोद्यात शिक्षण, पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इंटॅग्लिओ (कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापण्याचं तंत्र). १९६७ पासून त्यांनी लोककलांचे, भिंतीवरच्या आणि अंगणातल्या आकृत्यांचे फोटो घेतले. ते फोटो आणि त्यांची मुद्राचित्रं शेजारी ठेवून पाहा. एकाच आकृतीला कॅमेऱ्यात एक वजन येतं, प्लेटवर दुसरं.

प्रश्न: दहा छाप काढले, प्रत्येक हाताने वेगळा रंगवला. १/१० (दहापैकी पहिला) असं लिहावं का? (डोंबिवली)

उत्तर: फरक किरकोळ असेल तर आकड्याआधी ‘ई. व्ही.’ लिहा, म्हणजे बदलती आवृत्ती. रंगसंगतीच वेगळी असेल तर तो एकमेव छाप. तिथे १/१ लिहावं. कलावंताच्या प्रतींवर ‘ए. पी.’ लिहितात, त्या साधारण आवृत्तीच्या दहा टक्के, म्हणजे दहा छापांमागे एकच. आकडा डावीकडे, सही उजवीकडे, दोन्ही पेन्सिलीने. बॉलपेनची शाई उडते.