ओईचे दोन क्रेडिट आणि सुटणारं गणित

"फिजिक्स करायला बीएस्सीला घातलं, आणि कॉलेज शिकवतंय कॉमर्स!" जून उजाडला की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या ऑफिसात हमखास ऐकू येतं. कुणाच्या तोंडी कॉमर्सऐवजी योगा असतो, कुणाच्या तोंडी भारतीय ज्ञान परंपरा. नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं, तेव्हापासून पुण्यातल्या सायन्सच्या पालकांची ही ठरलेली तक्रार आहे.

एफवाय संपवून एसवायला जाणारी एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील नव्वदच्या दशकातले पुणे विद्यापीठाचे बीएस्सी केमिस्ट्री, आता पिरंगुटकडच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. बसल्या बसल्या त्यांनी मुलीची पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट माझ्यापुढे सरकवली. लाल पेनाने फिजिक्स, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सभोवती चौकटी केल्या होत्या. बाकीच्या सगळ्या ओळींवर काट.

"मॅडम, काट मारलेलं सगळं टाइमपास आहे. आमच्या वेळी एफवायला चार विषय, एसवायला तीन, टीवायला एक. सरळ हिशोब. हे बीएस्सी आहे का भेळ?"

"एसवायला भाषेचा पेपर नव्हता तुम्हाला?"

ते जरा थांबले. "होता की. पण तो कोण सिरियसली घ्यायचं?"

"मीपण नाही घेतलं," मुलगी पहिल्यांदाच बोलली. "बाबा म्हणाले होते, पास हो, बास."

आणि ती झालीही होती पास. फक्त कशी, ते काट मारलेल्या ओळींत दिसत होतं. तिच्या कॉलेजात सेमिस्टरचे २२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन मोजायचं एकक). तीन विषयांचे प्रत्येकी ४, म्हणजे १२. उरलेले १० दोन-दोनचे: ओपन इलेक्टिव्ह (ओई, म्हणजे शाखेबाहेरचा पेपर), कौशल्याचा पेपर, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान परंपरा. चौकटीतल्या विषयांत सगळीकडे 'ए', म्हणजे ८ ग्रेड पॉइंट. बाकी ठिकाणी 'सी', म्हणजे ५. मी मार्कशीटच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडलं: १२ गुणिले ८ झाले ९६, १० गुणिले ५ झाले ५०. बेरीज १४६, भागिले २२, म्हणजे ६.६४. "टाइमपास" पेपरांतही 'ए' असता तर सरळ ८.

वडील क्वालिटी कंट्रोलवाले. त्यांना आकडा एकदाच दाखवावा लागतो. त्यांनी मोबाइल काढून भागाकार स्वतः केला आणि मार्कशीट पुन्हा सुलट केली.

हा फरक नुसता शोभेचा नाही. तीन वर्षांनी थांबायचं असेल तर एक वेळ चालून जाईल. पण चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडीला जायचं तरी ७५ टक्क्यांचीच अट. ओईचे २ क्रेडिट आणि फिजिक्स थिअरीचे २ क्रेडिट सरासरीत अगदी सारखे वजन टाकतात.

"पण परदेशात असं नसतं ना?" वडिलांचा शेवटचा प्रयत्न. इंग्लंडमध्ये बरेचदा नसतं, हे खरं. तिथे पहिल्या दिवसापासून एकच विषय धरून तीन वर्षांत पदवी होते. अमेरिकेत मात्र फिजिक्सवाल्यालाही लेखन, इतिहास, समाजशास्त्र असं काहीबाही घ्यावंच लागतं. त्याला तिथे जनरल एज्युकेशन म्हणतात, आणि साधारण १२० क्रेडिटच्या पदवीतला चांगला मोठा वाटा त्यात जातो. आपली नवी रचना त्या बाजूला झुकलेली आहे. म्हणूनच आपल्याकडे ओपन इलेक्टिव्ह स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. सायन्सच्या मुलीला कॉमर्स मिळालं ते कॉलेजच्या लहरीने नाही. शासनाचा नियमच तसा आहे.

एक मान्य करते. हे पेपर सगळीकडे मन लावून शिकवले जातात असं नाही. कुठे शेवटच्या आठवड्यात झेरॉक्स नोट्स वाटल्या जातात, कुठे शंभर-शंभर मुलं एका हॉलमध्ये कोंबलेली असतात. पालकांचा राग तिथे असेल तर तो रास्त आहे. पण 'लक्षच देऊ नकोस' हे मुलीला सांगून त्या रागाची किंमत तिच्याच ग्रेडमधून वसूल होते.

इथवर सगळं नेहमीचं. मग मी मुलीला सहज विचारलं, "एसवायचा फॉर्म भरलास?"

"परवा लास्ट डेट आहे. फिजिक्स मेजर, इलेक्ट्रॉनिक्स मायनर. गणित सोडतेय."

वडील चमकले. "सोडतेय म्हणजे? गणित सुटतं?"

सुटतं. तिच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तिन्ही विषय सारख्या वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य विषय) होतो, एक मायनर (दुय्यम विषय), आणि तिसरा संपतो. यूजीसीच्या आराखड्यात १२० क्रेडिटच्या पदवीत मेजरला किमान ६० आणि मायनरला २४ आहेत. म्हणजे पदवीचा बराचसा आकार त्या एका फॉर्मवर ठरतो. अर्धा तास आम्ही दोन-दोन क्रेडिटांवर बोलत होतो आणि २४ क्रेडिटांचा निर्णय मुलीच्या मोबाइलमध्ये अर्धवट भरून पडला होता. हे मी फार बघते. घरात वाद होतो ओईवरून, आणि मायनर ठरतं मैत्रिणीने काय घेतलं त्यावरून.

वडिलांना मी खाली चहाला पाठवलं. समोर वडील असले की गणिताबद्दल खरं बोलणारी मुलं कमी.

"गणितं सुटतात मला. इंटिग्रेशन आवडतं. पण एप्सिलॉन-डेल्टा आलं आणि 'सिद्ध करा' म्हटलं की काय लिहायचं तेच कळत नाही."

म्हणजे गणित येत नव्हतं असं नाही. सिद्धतेची भाषा अंगवळणी पडली नव्हती. पहिल्या वर्षी हे पुष्कळांचं होतं. पण फिजिक्समध्ये पुढे तिला लागणार होतं ते मुख्यतः दुसरं गणित: डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रायसेस, व्हेक्टर कॅल्क्युलस. एमएस्सीसाठीच्या आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेच्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात मॅथेमॅटिकल मेथड्स हा वेगळा भागच आहे. भीतीपोटी गणित सोडलं तर ते क्वांटम मेकॅनिक्सच्या वर्गात पुन्हा समोर येऊन उभं राहणार.

"आणि इलेक्ट्रॉनिक्स का?"

इथे तिचा चेहरा बदलला. शाळेत असताना विज्ञान दिनाला ती खोडदला गेली होती, नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. बाकीची मुलं डिशसमोर फोटो काढत होती, आणि ही तिथल्या एका काकांना विचारत होती, की आकाशातून येणारा इतका क्षीण सिग्नल मोबाइलच्या गोंगाटातून वेगळा कसा काढता. "ते रिसीव्हर बनवतात ना, तसं काहीतरी करायचंय मला."

हे कारण चांगलं होतं. मैत्रिणीचं नव्हतं, आणि गणितापासून पळण्याचंही पूर्ण नव्हतं. माझा कल तरीही गणिताकडे होता. फिजिक्स मेजरला गणित मायनर ही जोडी सहसा कुठेच अडत नाही, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. फॉर्म भरायच्या आधी दोन कामं दिली: फिजिक्स मेजरच्या पुढच्या चार सेमिस्टरचा अभ्यासक्रम डाउनलोड करून त्यात गणिताचा पेपर कुठे आहे ते शोधायचं, आणि जिथे एमएस्सी करावीशी वाटते तिथली प्रवेशाची पात्रता वाचायची. अट गणिताची आहे का, कितव्या वर्षापर्यंतची, तेवढंच बघायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज आला. मेजरमध्येच मॅथेमॅटिकल फिजिक्सचा पेपर होता. तिने पाहिलेल्या एका विभागाला पहिल्या वर्षापर्यंतचं गणित पुरत होतं, दुसऱ्याला जास्त हवं होतं. तिने मायनर इलेक्ट्रॉनिक्सच ठेवलं, आणि लिनिअर अल्जेब्राचा एनपीटीईएलवरचा ऑनलाइन कोर्स शोधला. स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या अकॅडमिक बँकेत (क्रेडिटच्या डिजिटल खात्यात) जमा होऊ शकतात, पण कोणते धरायचे ते कॉलेज ठरवतं. त्यामुळे कोर्स सुरू करायच्या आधी विभागप्रमुखांची लेखी संमती घे, एवढं मी तिला कळवलं.

वडिलांचा फोन त्यानंतर आला. मायनरबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. तिसऱ्या सेमिस्टरला ओईसाठी मानसशास्त्र आणि पत्रकारिता असे दोन पर्याय होते. "मॅडम, स्कोअरिंग कुठलं?" मी म्हटलं, तिला दोन्हीचा सिलॅबस वाचू द्या आणि ज्याच्या लेक्चरला ती बसेल ते घेऊ द्या.