अलॉय बसवण्याआधी हबकडे नीट बघा

अलॉय चाकांचं डिझाइन नंतर निवडा, आधी चाकाची आणि हबची, म्हणजे गाडीवर चाक ज्या भागावर बसतं त्याची, मापं घ्या. पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, तंतोतंत जुळलाच पाहिजे. ४×९८ चं (चार बोल्ट, ९८ मिमी व्यास) चाक ४×१०० च्या हबवर नट ओढून बसवता येतं, पण असं कोणी सुचवलं तर सरळ नकार द्या. बोल्टवर कायमचा तिरका ताण येतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मधलं भोक, सेंटर बोअर. बाजारातल्या अलॉयचं भोक बऱ्याचदा मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे अनेक गाड्यांना चालतं. तुमचा हब ५४.१ मिमी आणि चाकाचं भोक ७३.१ असेल, तर मधली फट हब रिंगने भरा. नाहीतर चाक केंद्रात बसत नाही आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. बिचारे लोक मग बॅलन्सिंगच करत बसतात!

नटची बैठकही तपासा. शंकूच्या आकाराच्या जागी गोल बैठकीचा नट नको. हबवरचा गंज ब्रशने साफ करा, नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. शेवट टॉर्क रेंचनेच (नेमक्या जोराने आवळता येणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ५०–१०० किमीनंतर पुन्हा तपासा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, तेही बघा, गाडीत माणसं बसलेली असताना.